नाना बिगुलर

नाना गेले त्याला आता बारा वर्षं होत आली. तेराव्यानंतर चार दिवसांनी मी आईला घेऊन पेन्शनच्या कामाला गेलो होतो. नानांची पेन्शन आईच्या नावावर करायची होती. खिडकीतल्या बाईंनी अर्ज उलटसुलट करून पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "मयताशी नातं मुलगा लिहिलंय तुम्ही. पण तुमच्या नावात वडिलांचं नाव दुसरंच आहे. हे कसं?"

मागं रांग होती. आई बाकावर बसून माझ्याकडंच बघत होती. मी खालच्या आवाजात म्हणालो, "सावत्र."

"सावत्र कोण? तुम्ही, का ते?"

मला उत्तर देता आलं नाही. 'सावत्र' हा शब्द मी नानांच्या बाबतीत त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारला. आणि खरं सांगायचं तर 'मुलगा' हा शब्दही त्यांच्या नावापुढं मी त्या अर्जावरच पहिल्यांदा लिहिला होता. शेवटी शंभराच्या स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं. टायपिंगवाल्यानं चार ओळींत सगळं बसवलं. मी सही केली, पण घरी येताना एसटीत सारखं वाटत राहिलं, की माणूस काही या चार ओळींत आला नाही. म्हणून हे लिहायला बसलो.

आमचं गाव माणदेशातलं, सातारा जिल्ह्याच्या पूर्वेचं. पाऊस इथं पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेताच जातो. महादेवाच्या डोंगररांगेचा एक फाटा गावामागं आडवा पडलेला. खाली माळ, माळावर मेंढरं, आणि दर दोन-चार घरांत एक फौजी. शेतात पिकलं नाही की पोरगं भरतीला जायचं, इतका सरळ हिशेब. जिल्ह्याला ही जुनीच सवय. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान कामी आले. आमच्या गावाचा आकडा एवढा मोठा नाही, पण माझा पणजा त्याच लढाईत मेसोपोटेमियात गेला. कुत-अल-अमारा इथं इंग्रजी फौज तुर्कांच्या वेढ्यात अडकली, त्यात मराठा पलटणी होत्या. १९१६ च्या एप्रिलात उपासमारीनं फौज शरण गेली. पणजा परत आला नाही.

माझा आजा दुसऱ्या महायुद्धात इटलीत होता. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या मराठा पलटणीच्या दोघांना ज्या इटलीतल्या लढायांत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्याच मुलखात. आजा परत आला. त्याच्या बोलण्यात इटली म्हणजे द्राक्षांचे मांडव आणि चिखल, एवढंच असायचं.

माझे वडील त्याच वाटेनं बेळगावला गेले. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. आमच्याकडं "बेळगावला गेला" म्हटलं की पुढं काही विचारावं लागत नाही. १९७१ च्या डिसेंबरात वडील पूर्व आघाडीवर होते. डाक्का पडायच्या आधीच्या आठवड्यात ते गेले. मी चार वर्षांचा होतो. मला त्यांचं काही आठवत नाही. आठवतो तो तारेचा कागद आणि आजा तो उलटा धरून उभा आहे, एवढंच. आई बावीस वर्षांची होती.

पुढचं वर्ष १९७२. त्या दुष्काळाबद्दल आमच्या भागातल्या माणसाला काही सांगायला नको. शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. विहिरी तळाला गेल्या, जनावरं दावणीला मेली. सरकारनं कामं काढली; माणसं खडी फोडायची, नालाबंडिंगची माती वाहायची आणि मजुरीवर जगायची. रेशनला परदेशातली लाल मिलो ज्वारी यायची, पोरांना सुकडी मिळायची. आईच्या पेन्शनचे कागद अजून फिरतच होते. त्यामुळं हुतात्मा जवानाची बायको रस्त्याच्या कामावर हातोडी घेऊन बसलेली, आणि मी शेजारी लिंबाच्या सावलीला.

तिथं एक दिवस खाकी किटबॅग घेतलेला माणूस आला. उंच, सडपातळ, ओठाच्या मधोमध गोल वळ उमटलेला. आईपाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, मी त्याच्या पलटणीतला." पुढं त्याला बोलता आलं नाही. इकडंतिकडं बघून त्यानं बॅग खाली ठेवली, कुणाची तरी पडलेली हातोडी उचलली आणि दिवस मावळेपर्यंत आईच्या ढिगाशेजारी बसून खडी फोडली. मुकादम म्हणाला, "मस्टरवर नाव न्हाई तुमचं, पैसं मिळणार न्हाईत." तो म्हणाला, "मला नगंच. ही पाटी तिच्या ढिगात धरा."

हे नाना. त्यांचं गाव आमच्यापासून सात कोसांवर. घरात भाऊ-भावजया होत्या, पण लग्न राहून गेलं होतं. त्यानंतर ते दर सुट्टीला दोन दिवस आमच्याकडं यायचे. आज्याशी बोलत ओसरीवर बसायचे. १९७५ साली सतरा वर्षांची नोकरी करून ते पेन्शनीत निघाले.

आता पेन्शनची एक गोष्ट सांगायला पाहिजे, कारण आमच्या घरातलं पुढचं सगळं महाभारत त्यावरून झालं. लढाईत गेलेल्या जवानाच्या विधवेनं दुसरं लग्न केलं, तर त्या काळच्या नियमानं तिची पेन्शन बंद व्हायची. सूट एकालाच होती. मयताच्या सख्ख्या भावाशी, म्हणजे दिराशी लग्न केलं तर पेन्शन चालू. पैसा घरातच राहावा, हा त्यामागचा विचार असणार. शौर्यपदकाबरोबर मिळणाऱ्या भत्त्यालाही हीच दिराची अट होती. ती निघाली थेट २०१७ च्या नोव्हेंबरात. बाईनं कुणाबरोबर नांदावं हे एवढी वर्षं सरकारी कागदानं ठरवलं.

भावकीनं तोच कागद पुढं केला. "दिराशी पाट लाव. पेन्शन बी ऱ्हाईल आन् जमीन बी." आमचा चुलता तेव्हा अठरा वर्षांचा. आई लग्न होऊन या घरात आली तेव्हा तो आठ वर्षांचा होता. आई सगळ्यांसमोर म्हणाली, "ज्याचं नाक म्या पदरानं पुसलं, त्याच्या नावाचं कुकू लावू व्हय?" चुलता उठून गोठ्यात गेला. त्यालाही ते नको होतंच, पण नकार आईनं दिला हे त्याच्या मनात कायमचं राहिलं.

नानांचं नाव काढलं ते आज्यानं. भावकी म्हणाली, परक्याशी पाट लावला तर पेन्शन जाईल. आजा म्हणाला, "पोरगं गेलं तवा पेन्शन मोजत बसलो न्हवतो." पाट हा आमच्याकडं रात्री लावायचा, कुणी सवाष्णीनं बघायचं नाही, बाईच्या पहिल्या पोराला तर त्या दिवशी गावातच ठेवायचं नाही, अशी जुनी रीत. आज्यानं शिखर शिंगणापुरात शंभू महादेवाच्या दारात दिवसाउजेडी लग्न लावलं. मला आत्याकडं धाडलं होतं. नाना आदल्या दिवशी चालत आत्याच्या गावाला आले आणि मला खांद्यावर घेऊन निघाले. मी वाटभर त्यांच्या पाठीवर बुक्क्या मारत होतो. ते एका चालीत चालत राहिले. लाइट इन्फन्ट्रीची चाल झपाझप असते हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की या माणसाला माझ्या बुक्क्या लागत नाहीत.

मी नऊ वर्षांचा होतो. सगळ्या गावाला सांगत फिरायचो, की हा माझा बाप नाही.

चौथीत असताना नवे गुरुजी आले. त्यांनी हजेरीपट नीट करायला घेतला. मला उभं करून विचारलं, "तुझ्या वडलांचं नाव कोणतं लावायचं? घरी असतात ते कोण?" मी मोठ्यानं म्हणालो, "माझं वडील लढाईत मेलं. घरात असतो तो आईचा नवरा." वर्ग हसला. गुरुजी दाराकडं बघत गप्प झाले. दारात नाना उभे होते, हातात माझी विसरलेली भाकरी. ते आत आले, फडक्यातली भाकरी माझ्या पुढ्यात ठेवली आणि गुरुजींना म्हणाले, "बरूबर सांगितलं त्यानं. नाव पहिल्याचंच लावा. ते पुसायला म्या आलो न्हाई."

त्यामुळं शाळेच्या दाखल्यापासून रिटायरमेंटच्या कागदापर्यंत माझ्या नावात वडिलांचं नाव आहे. नानांचं कुठंच नाही. खिडकीतल्या बाईंना जो घोळ दिसला, तो नानांनी त्या दिवशी शाळेत स्वतःच्या हातानं घातलेला.

नाना पलटणीत बिगुलर होते. गावात त्यांना 'नाना बिगुलर' म्हणत. लाइट इन्फन्ट्री आणि बिगुल यांचं जुनं नातं. मराठा पलटणीच्या बिल्ल्यावरही ढाल-तलवारींबरोबर बिगुल असतो. सरकारी बिगुल पेन्शनीत निघताना जमा करावा लागतो. नानांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून एक पोचा पडलेला पितळी बिगुल विकत आणला होता. तो मधल्या घरात खुंटीला असायचा, चिंचेनं घासून लखलखीत केलेला.

मी एकदा कुचकेपणानं म्हणालो, "यावर अभंग वाजवून दाखवा की." वाटलं, चिडतील. त्यांनी बिगुल काढून माझ्या हातात दिला. "भोकं मोज." भोकं नव्हतीच. मग त्यांनी समजावून सांगितलं. सनईला, बासरीला भोकं, पेटीला पट्ट्या. बिगुलाला काहीच नाही. जे करायचं ते ओठानं आणि श्वासानं. त्यातून निघतात पाच जागा, आणि नीट ऐकलं तर त्यात सूर तीनच. सा, ग, प. दोन तेवढे खालच्या पट्टीत पुन्हा येतात. "रे न्हाई, म न्हाई, ध न्हाई, नी न्हाई. अभंग कसा वाजंल बाबा? पण ह्या तिनांत हजार माणूस उठतं, जेवतं, फालिन हुतं आन् झोपतं."

अभंगासाठी ते भजनात जायचे. अडतिसाव्या वर्षी पेटी शिकायला बसले. बोटांना सवय नाही. पहिले सहा महिने पेटीवरही सा, ग, प एवढ्याच पट्ट्या दाबायचे आणि बाकीच्या जागा गळ्यानं म्हणायचे. भजनी मंडळी हसायची. पण वीणेकरी म्हातारा म्हणायचा, "हसू नगा, त्याचा सूर हालत न्हाई." पुढं पुढं काळी पाचमध्ये मंडळी बसली की पेटी नानांकडंच यायची. दिवाळीच्या सुमाराला धनगरांचं गजं निघालं की तिथंही ढोलाजवळ नाना उभे. फौजी कान कुठंही ताल धरायचा.

आणि त्यांना घरात झोप यायची नाही. थंडी असो, वारा असो, अंगणात घोंगडं टाकून पडायचे. पाऊस आलाच तर ओसरीच्या कडेला. दिवस माळावर आणि डोंगरात जायचा. मला न विचारता बरोबर घ्यायचे, मीही तोंड वाकडं करून जायचो. करवंदाची जाळी, मोहळ कुठल्या कपारीला आहे, ससा कुठल्या वाटेनं परततो, सगळं त्यांना ठाऊक. पण बघायच्या आधी ते ऐकायचे. "थांब. डोळं मीट. किती पाखरं?" मी दोन म्हणायचो. ते पाच सांगायचे आणि एकेक दाखवायचे. तित्तिर, लावा, चंडोल, खाटीक, टिटवी.

टिटवीवर त्यांचा फार जीव. ती घरटं बांधत नाही, उघड्या माळावर खड्यांत अंडी घालते, आणि कुणी जवळ आलं की रात्री-बेरात्री ओरडून माळ डोक्यावर घेते. गावात तिचं ओरडणं अशुभ मानत. नाना म्हणायचे, "आरं, ती संत्री हाय माळाची. थम, कौन आता है, एवढंच इच्यारती." नांगरटीच्या आधी ते रानभर फिरून अंडी शोधायचे आणि भोवती चार मोठे धोंडे ठेवायचे, म्हणजे बैल तेवढी जागा टाळून जातील. आमच्या रानात असे नांगराविना सुटलेले ठिपके दर उन्हाळ्यात दिसायचे. चुलता म्हणायचा, "पेन्शन खाणाऱ्याला परवडतंय."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. चुलत्याचं म्हणणं असं, की माझ्या वडिलांच्या जिवाचा पैसा हा माणूस गट्टम करतो. आईची पेन्शन लग्नानं बंद झाली हे गावाला माहीत होतं, तरी कुठून तरी येतच असणार असं लोक धरून चालले. आणि मीही. खरं खोटं करायची मला गरज नव्हती. राग धरायला काही तरी हवं होतं.

बिगुल ते गावात वाजवत नसत. पंधरा ऑगस्टला सरपंच विनवायचे, पण नाही. वर्षातून एकच दिवस. डिसेंबरात, माझ्या वडिलांच्या तिथीला नव्हे, तारखेला. दुपार कलली की घोंगडं आणि बिगुल घेऊन नाना म्हसोबाच्या टेकडीवर जायचे. दिवस बुडताना वरून लास्ट पोस्ट ऐकू यायचं. गाव थांबायचं. आई तुळशीपाशी दिवा लावून उभी राहायची. त्या रात्री नाना खाली यायचे नाहीत. पहाटे तांबडं फुटलं की पुन्हा बिगुल, पण आता निराळी धून, उठवायची. ती ऐकली की आई चुलीवर चहा ठेवायची.

मी चौदा वर्षांचा असताना त्यांच्या मागोमाग गेलो. त्यांनी बघितलं, काही बोलले नाहीत. बिगुल वाजवताना त्यांचे डोळे उघडे होते, गावाकडं नाही, पूर्वेकडं लागलेले. वाजवून झाल्यावर त्यांनी आगटी पेटवली. मृगाच्या तीन चांदण्या वर आल्या, त्यांच्या खाली व्याध. लांब कोल्ही ओरडत होती.

मी विचारलं, "रात्रभर का थांबायचं?"

ते म्हणाले, लास्ट पोस्ट म्हणजे रडायचं गाणं नव्हे. पूर्वी छावणीत रात्री साहेब एकेक चौकी तपासत जायचा. शेवटची चौकी तपासून झाली की हे वाजायचं. म्हणजे सगळे जागेवर आहेत, आता झोपा. पुढं ते मेलेल्या जवानासाठी वाजवायला लागले. पण नुसतं ते वाजवून जायचं नसतं. मधी शांतता ठेवायची आणि मग उठवायची धून वाजवायचीच. "परेडीला दोन मिंटं थांबत्यात. आपल्याला कोण साहेब हाय? म्या रात थांबतो."

बऱ्याच वेळानं मी पोटातलं बाहेर काढलं. गावात पोरांना ते लढाईच्या गोष्टी सांगायचे. जमालपूरची तर हमखास. जंगी पलटण, म्हणजे पहिली मराठा, हिनं जमालपूरला वाट अडवली; शरण या म्हणून मुक्तिवाहिनीच्या माणसाच्या हाती निरोप धाडला, तर पलीकडच्या कर्नलनं उलट पत्र पाठवलं आणि पत्रासोबत एक गोळी. मग त्या रात्रीचा धुमाकूळ, आणि सकाळी शरणागती. ही गोष्ट ते रंगवून सांगायचे. पण स्वतःचं काही सांगायचे नाहीत. मला मात्र आजाकडून कळलं होतं, की बँडवाले आणि बिगुलर लढाईत बाजा वाजवत नाहीत. ते स्ट्रेचर उचलतात. जखमी आणि मेलेले मागं आणायचं काम त्यांचं. इंग्रजांच्या वेळेपासूनची रीत.

मी म्हणालो, "माझ्या बाला तुमीच उचलला व्हता का?"

त्यांनी आगटीत काटकी सारली. "अंधार व्हता. बत्ती लावायची न्हाई, असा हुकूम. भातखाचरं, मधीच नाला. त्या राती किती खेपा केल्या ते मोजलं न्हाई. खांद्याला वजन कळतं पोरा, मानूस कळत न्हाई."

"मग?"

"मग काय. त्यात असंल बी, नसंल बी. सकाळच्याला नावं वाचली तवा कळलं. तवापासून म्याच उचलला असं धरून चाललोय."

मला झोप कधी लागली ते कळलं नाही. पहाटे अगदी कानाशी बिगुल वाजला तेव्हा दचकून उठलो. अंगावर त्यांचं घोंगडं होतं, ते स्वतः नुसत्या सदऱ्यावर उभे. खाली गावात आमच्या घरातून धूर निघताना दिसला. त्या सकाळी मी त्यांच्याशी नीट बोलायला हवं होतं. बोललो नाही. पण त्यानंतर "आईचा नवरा" हे शब्द माझ्या तोंडून कधी निघाले नाहीत.

१९८५ साली मला डी.एड.ला साताऱ्यात प्रवेश मिळाला. फी, खोली, खाणावळ मिळून बरेच पैसे लागणार होते. आजा आदल्या वर्षी गेला होता. निघायच्या आदल्या रात्री नानांनी ट्रंकेतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पोस्टाचं पासबुक काढलं आणि मला दिलं. त्यावर माझं नाव. आईची पेन्शन थांबली तेव्हा तिच्या पोराला ती मिळते, हे नानांना पलटणीतल्या कारकुनानं सांगितलं होतं. त्यांनी अर्ज केले, खेटे घातले. १९७७ पासून दर महिन्याची रक्कम त्या खात्यात पडली होती. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च. उजवी बाजू आठ वर्षं कोरी होती. या आठ वर्षांत आमच्याकडं दोनदा विहीर आटली होती, एक बैल मेला होता आणि आईच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं.

नाना म्हणाले, "ह्यातनं फी भर. तुज्या बाचं हाय."

मी म्हणालो, "बरं."

एवढंच. दुसरा शब्द सुचला नाही म्हणण्यापेक्षा, सुचलेला बाहेर आला नाही. मी पुढं शिक्षक झालो, तीस-पस्तीस वर्षं पोरांना बोलायला शिकवलं, पण त्या 'बरं'च्या पुढचं वाक्य मला त्यांच्यासमोर जमलं नाही. चुलत्याला मात्र मी ते पासबुक नेऊन दाखवलं. त्यानं पानं उलटली, परत दिलं आणि दुसऱ्या दिवशी नांगर घेऊन आमच्या रानात आला. न विचारता, न मागता.

नानांना काळजी होती ती आईची. पहिल्याची पेन्शन लग्नामुळं गेली, आणि नानांची मिळायची नाही, कारण लग्न त्यांच्या निवृत्तीनंतरचं. नोकरीत असताना जी बायको तीच कुटुंबात धरायची, असा तेव्हा अर्थ लावत. म्हणजे दोन फौजींची बायको असून आईच्या हाती शून्य. म्हणून नानांनी बांधावर अकरा चिंचा लावल्या. कावडीनं पाणी घालून जगवल्या. म्हणायचे, "चिंच लावणाराला लौकर फळ देत न्हाई. मागं ऱ्हाणाराला देती."

१९८९ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, की निवृत्तीनंतर लग्न झालेल्या पत्नीलाही कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क आहे. नानांनी वर्तमानपत्रातलं ते कात्रण जपून ठेवलं आणि पुन्हा अर्ज सुरू केले. लग्नाचा दाखला नव्हता. शिंगणापूरच्या लग्नाला हजर असलेले दोन म्हातारे त्यांनी साक्षीला नेले. एकाला तर बैलगाडीतून. शेवटी आईचं नाव त्यांच्या कागदाला लागलं. ट्रंकेत त्या सगळ्या अर्जांच्या कार्बन प्रती मला त्यांच्यामागं सापडल्या, तारीखवार दोरीत ओवलेल्या. शेवटचा कागद हातात आला त्या दिवशी त्यांनी भजनात पेटी वाजवली नाही, टाळ घेऊन उभे राहून नाचले, असं मंडळी अजून सांगतात.

२०१३ च्या उन्हाळ्यात ते अंगणातच गेले, झोपेत. पहाटे टिटवी ओरडत होती, असं आई म्हणाली. अग्नी मी दिला. भावकीत कुणीतरी कुजबुजलं, की गोत्र वेगळं. चुलता म्हणाला, "गप ऱ्हावा. मडकं तो धरंल." बिगुल वाजवणारं कुणी नव्हतं. मी शिकायचं कधी मनावर घेतलं नाही, याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं.

आईची पेन्शन प्रतिज्ञापत्रानंतर दोन महिन्यांनी सुरू झाली. चिंचाही आता डोईवर गेल्यात. दर साली व्यापारी येऊन उभ्या झाडाचा सौदा करतो.

त्याच भाद्रपदातली सर्वपित्री अमावास्या. आमच्याकडं दरवर्षी त्या दिवशी माझ्या वडिलांचं पान वाढायचं, आणि ते पत्र्यावर ठेवायला नाना स्वतः शिडी चढायचे. कावळा शिवेपर्यंत खाली उभे राहायचे. त्या वर्षी आईनं दोन पानं वाढली. दोन्ही घेऊन मी शिडीवर चढलो आणि वर गेल्यावर अडलो. आधी कुणाचं ठेवायचं? कुणाचं उजवीकडं? गुरुजींना विचारायचं राहिलं होतं.

मी वरून आईला विचारलं. ती पदर डोक्यावर घेऊन अंगणात उभी होती, नाना घोंगडं टाकायचे त्या जागेच्या शेजारी.

"ठेव शेजारीशेजारी," ती म्हणाली. "एकाच पलटणीतलं हायती."